धावपट्टीवरचा दीड फेरा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते वाशीमच्या काकाजींचे. ते माझे सख्खे काका नव्हते. ते जैन, कापडाचे व्यापारी. मी आसेगावच्या एका लहान शेतकऱ्याचा मुलगा. गावातली शाळा संपली तेव्हा वडील मला त्यांच्या दुकानात घेऊन गेले. म्हणाले, "पोरगं हुशार हाय शेठ. कुठं ठेवू याले?" काकाजी गिऱ्हाइकासाठी कापड फाडत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, "इथंच ठेव." तेवढ्या बोलण्यावर मी त्यांच्या घरी चार वर्षं राहिलो, मॅट्रिक झालो, आणि पुढे त्यांनीच मला अकोल्याच्या कॉलेजात घातलं. बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या घराण्यात त्या तीन अक्षरांचा अर्थ सांगावा लागला.

काकाजींना एकच नाद होता. विडी नाही, पान नाही, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. पण दुकानामागच्या गोदामात त्यांची एक लाल विलायती गाडी होती. दोन माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची, पळण्यासाठीच बनवलेली. तरुणपणी एका जमीनदाराकडून त्यांनी ती घेतली होती. गावाला तिचं हसू यायचं.

"शेठ, याच्यात कापसाचं एक बोचकं बी मावत नाही," असं कोणी म्हटलं की काकाजी म्हणायचे, "म्हणूनच त घेतली. बोचकी वाह्याले तुमी हा न."

अकोल्याच्या पलीकडे युद्धाच्या काळात बांधलेली एक धावपट्टी ओस पडली होती. विमानं केव्हाच बंद झाली होती. हिवाळ्यातल्या काही रविवारी तिथे जुन्या गाड्यांचे शौकीन जमत: दोन-तीन डॉक्टर, गिरणीतले इंजिनिअर, आणि सगळं जमवून आणणारे एक निवृत्त लष्करी साहेब. ती शर्यत नव्हती. रिकामे ड्रम मांडून वळणं आखायची, एकेका गाडीनं तीन फेरे मारायचे, कोणी घड्याळ लावून वेळ सांगायचा, आणि दुपारी सगळे घरी. लांब सरळ पट्ट्यावर शेवटच्या ड्रमपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता जायचं, हे काकाजींचं सुख. वर्षभर ते त्याच्यावर काढायचे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचा एक हिवाळा. मी पदवी घेऊन वाशीमला परत आलो होतो आणि नोकरीचे अर्ज करत होतो. तेव्हाच नागपूरच्या डॉक्टरांनी काकाजींना काचबिंदू सांगितला. एक डोळा जवळजवळ गेलाच होता. दुसरा कडेकडून मिटत चालला होता. मधोमध जेवढं दिसेल तेवढंच. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही उरेल असं धरून चालू नका," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये काकाजी कारंजा येईपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या वाचून पाहत होते. मग म्हणाले, "तू चालवशीन. मी बाजूले बसीन. पट्ट्याच्या टोकापर्यंत, एक डाव. मंग गेले डोये त गेले."

गाडी त्यांनीच मला शिकवली होती. मी हो म्हटलं.

गाडी वर्षभर उभी होती. बसस्टँडजवळच्या मिस्त्रीनं ती उघडली. हा मिस्त्री ट्रक आणि जिपा दुरुस्त करणारा, हाताचा मोठा कसबी माणूस. मी त्याच्या हाताखाली राबत होतो, आणि त्याला माझी पदवी हा रोजचा खुराक झाला होता.

"बीएस्सी, पाना दे."

"कोन्ता?"

"वा! एवढी डिगरी देली, अन् पाना कोन्ता ते नाही सांगतलं?"

पहिल्या रविवारी आम्ही गेलो आणि फाटकावरूनच परत आलो. लष्करी साहेबांनी स्वतः गाडी पन्नास पावलं चालवून ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली. ते उतरले आणि काकाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी फार सुंदर आहे शेठजी. पण थांबत नाही." त्या हंगामात आता एकच रविवार उरला होता, तीन आठवड्यांनी.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. ब्रेकची रबरी वायसरं झिजली होती, आणि त्या गाडीची वायसरं साऱ्या वऱ्हाडात कुठे मिळणार? मिस्त्रीनं दुसऱ्या गाड्यांची आणून घासून पाहिली. एक बसायचं, दुसरं गळायचं. हातातली ट्रकची कामं त्यानं बाजूला ठेवली. इकडे काकाजी रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून समोरच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत. डोळा किती उरला ते तपासण्याची ती त्यांची रीत. पहिल्या आठवड्यात पूर्ण पाटी वाचत. दुसऱ्या आठवड्यात शेवटचा शब्द सुटला. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी ते पायरीवर उभे राहिले, तोंड उघडलं, आणि काही न वाचता आत येऊन गादीवर बसले. मी थान उचलून ठेवत होतो. हातातलं थान तिथंच टाकलं. मी तसाच गॅरेजवर धावलो.

"मिस्त्री, होईन न?"

"अबे, तुह्या बापाची गाडी हाय का एवढं रडाले?" तो म्हणाला, आणि माझं तोंड पाहून लगेच म्हणाला, "होईन. बस तिथं. चाय पी."

शनिवारी संध्याकाळी ब्रेक सरळ लागला.

रविवारी सकाळी लवकर निघालो. आमच्याकडचं मालेगाव मागे टाकलं, पातूरच्या घाटात गाडी तापू लागली. घाट उतरल्यावर रस्त्याकडेच्या एका विहिरीशी थांबलो. काकाजींच्या घरी पाणी गाळल्याशिवाय वापरत नसत, आणि त्यांच्या लेखी रेडिएटरचं पाणीही त्यातच येई. "जीव त जीव. इंजिनात शिजून मरन तो," ते म्हणायचे. काकूंनी दुहेरी फडकं दिलंच होतं. आणखी एक रीत होती: गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी सोडायचं आणि ते त्याच विहिरीत परत टाकायचं, म्हणजे जे जीव फडक्यावर आले ते आपल्या पाण्यात परत जातात. चार वर्षं मी त्या घरी हे रोज केलं होतं.

मी रेडिएटरच्या तोंडावर फडकं धरून डब्यानं पाणी ओतत होतो. तेवढ्यात लष्करी साहेबांची जीप बाजूनं गेली. त्यांनी हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "दहाला फाटक बंद! आज कोणासाठी थांबणार नाही!" मी जीपकडे पाहत उरलेलं पाणी एकदम ओतलं, झाकण फिरवलं आणि गाडीत येऊन बसलो.

"फडकं इहिरीत उलटवलं न?" काकाजींनी विचारलं.

"हो काकाजी," मी म्हणालो.

मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. फडकं गाडीच्या मागच्या बाजूला कुठेतरी टाकलं असेल असं माझ्या मनानं धरलं होतं.

फाटक बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना पोहोचलो. ब्रेक पास झाला. काकाजींनी स्कूटरचं हेल्मेट चढवलं आणि माझ्या डावीकडे बसले. पहिला फेरा मी सावकाश मारला, ड्रम ओळखून घेतले. काकाजी गुडघ्यावर बोटं आपटत होते. दुसऱ्या फेऱ्यात सरळ पट्टा सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, "आता दाब."

मी दाबला. इंजिनाचा आवाज चढला, वारा तोंडावर आपटू लागला. काकाजी पुढे वाकले होते. त्यांना मधोमध जेवढं दिसत होतं तेवढ्यात तो पट्टा होता, आणि त्याच्या टोकाला तो शेवटचा ड्रम.

"दिसते रे!" ते ओरडले. "सारं दिसते!"

त्याच वेळी मी पाण्याच्या तापमानाचा काटा पाहिला. तो लाल खुणेच्या पार गेला होता. गाडीच्या नाकातून वाफेची बारीक रेघ निघत होती. पाय उचलायला हवा हे मला कळत होतं. मी विज्ञानाचा पदवीधर होतो, पाणी उकळल्यावर काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं. पण आता पाय उचलला तर हे पुन्हा होणार नाही, पुढचा हिवाळा या माणसाच्या डोळ्यांसाठी नाही, एवढंच डोक्यात होतं. अजून थोडं, अजून थोडं, असं मनात म्हणत मी पाय तसाच ठेवला. शेवटचा ड्रम अजून बराच दूर होता तेव्हा नाकाखाली मोठा आवाज झाला, समोरची काच वाफेनं पांढरी झाली, आणि गाडी खडखडत थांबली.

काकाजी अजून तसेच पुढे वाकून समोर पाहत होते. त्या वाफेत त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

जमलेल्यांपैकी दोघांनी त्यांना कडुलिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं. इंजिन थोडं निवल्यावर मी झाकण काढलं. आत पांढरं टोक दिसलं. बोटं घालून ओढलं तर फडकं बाहेर आलं. रेडिएटरमध्ये जाऊन ते नळ्यांच्या तोंडावर चिकटून बसलं होतं, पाणी फिरलंच नव्हतं. विहिरीशी दोन मिनिटं थांबून रीत पाळली असती तर फडकं हातात नाही हे तिथंच कळलं असतं. बोटं भाजली, पण मी ते तसंच कढत सदऱ्याच्या आत कोंबलं. काकाजींचं तोंड माझ्याकडे होतं. पण माझे हात काय करत होते ते एवढ्या लांबून त्यांना दिसत नव्हतं.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

"इंजिन जुनं झालं काकाजी. दम नाही राह्यला त्याच्यात."

ट्रकला बांधून गाडी वाशीमला आणली. मिस्त्रीनं इंजिन उघडलं. हेड, म्हणजे इंजिनावरचं लोखंडी झाकण, तडकलं होतं. तसलं दुसरं या देशात मिळणं शक्य नव्हतं. मिस्त्री दोन दिवस त्या तड्यावरून बोट फिरवत बसला.

"पाणी होतं न त्याच्यात?"

"होतं. घाटाखाली टाकलं. गाळून."

"मंग उकळलं कसं?" तो माझ्याकडे पाहत राहिला. मी फळीवरचे पाने मोजत होतो. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "माह्याच हात चुकला असन."

मी पाने पहिल्यापासून मोजू लागलो. त्या क्षणी बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. काकाजींनी हाकललं असतं याची भीती नव्हती. त्यांनी हाकललं नसतं, याचीच भीती होती.

बाजारात बोललं जाऊ लागलं. "मिस्त्रीनं शेठची विलायती गाडी खाल्ली." ट्रकवाले थट्टेत त्याला विचारत, "आमच्यावाली त नाही खाशीन?" काही दिवसांनी थट्टा संपली आणि ट्रक दुसऱ्या गॅरेजवर उभे राहू लागले. त्याच सुमारास मला दूरच्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिक्षकाची नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काकाजींनी माझा चेहरा हातांनी चाचपला. पावसाळ्याच्या आधीच त्यांचा डोळा गेला.

भाद्रपदात पर्युषण संपल्यावर जैन घरांतून एकमेकांना क्षमा मागण्याची पत्रं जातात. वर्षभरात जे काही चुकलं असेल त्याबद्दल. काकाजींचं पोस्टकार्ड मला शाळेच्या पत्त्यावर आलं. अक्षर दुकानातल्या मुनीमजींचं होतं, खाली काकाजींची वाकडी सही. लिहिलं होतं: "मी हट्ट करून तुले त्या गाडीत बसवलं, तुझे हात भाजले. माझ्या हौसेपायी तुझ्या जिवाले धोका झाला. मले क्षमा करजो. मिस्त्रीनं कामात घाई केली म्हणून माझ्या मनात त्याच्याबद्दल राग होता. आज त्याले बोलावून मी क्षमा केली. तोही रडला."

शिक्षकांच्या खोलीत मी ते कार्ड उभ्यानं वाचलं. तासाची घंटा झाली तरी वर्गावर गेलो नाही. जे त्या माणसानं केलं नव्हतं त्याची क्षमा त्याला मिळाली होती, आणि त्यानं ती घेतली होती. त्या दिवशी मी चार वेळा पत्र लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहिलं ते पोस्टात टाकलं. त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे:

"काकाजी, साष्टांग नमस्कार.

तुम्ही माझी क्षमा मागितली, हे वाचून मला उभं राहवत नाही. गाडी मिस्त्रीनं बिघडवली नाही. इंजिन जुनंही झालं नव्हतं. घाटाखाली पाणी गाळताना फडकं माझ्या हातून रेडिएटरमध्ये गेलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी ते विहिरीत उलटवलं असं खोटं सांगितलं. पट्ट्यावर काटा लाल खुणेच्या पार गेलेला मला दिसला होता, तरी मी पाय उचलला नाही. नंतर फडकं सापडलं ते मी सदऱ्यात लपवलं. बोटं त्यानंच भाजली. मिस्त्रीनं मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, आणि तो स्वतःला दोष देताना ऐकत राहिलो.

तुमचे डोळे असताना हे सांगायला हवं होतं. आता हे पत्र तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल. मुनीमजी वाचतील, दुकानात चार माणसं ऐकतील. ऐकू द्या. पण एवढी ओळ आली की कृपा करून मुनीमजींना थांबवा आणि मिस्त्रीला बोलावणं पाठवा. त्याला मराठी वाचता येत नाही. तो येऊन गादीवर तुमच्या शेजारी बसला की पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला सांगा, मोठ्यानं, दुकानाचं दार उघडं ठेवून. त्याच्यासमोर वाचून झाल्याशिवाय मला क्षमा करू नका.

येत्या रविवारच्या बसनं मी वाशीमला येतो आहे. आधी गॅरेजवर जाईन. तुम्ही घरात घेतलंत तर मग तुमच्याकडे.

तुमच्या घरी वाढलेला."