भोजन झाले किंवा कसे

शुक्रवारी सकाळी फ्लॉपी उघडली नाही. अहवाल सोमवारी द्यायचा होता.

फ्लॉपी म्हणजे लग्नपत्रिकेएवढं काळं, लवचीक पाकीट. आत पातळ चकती. आमच्या संगणकाच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती, सगळं त्या चकतीवर. महिनाभराच्या चाचणीतला प्रत्येक निरोप, त्याच्या वेळेसकट, तिच्यावर होता. मी ती अहवालाच्या फाइलला जोडून साहेबांच्या केबिनमध्ये ठेवली होती. फाइल रात्रभर कूलरसमोरच्या टेबलावर राहिली. मे महिना होता. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून उडालेलं पाणी फाइलला लागलं, फ्लॉपीलाही लागलं. दुसरी प्रत मी केली नव्हती.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमचं ऑफिस शहराच्या मध्यात बर्डीवर, धान्याची गोदामं शहराबाहेर वाडीला, अमरावती रोडवर. रोज संध्याकाळी किती पोती आली, किती गेली, हे वाडीहून फोनवर ओरडून सांगायचे. फोन लागला तर. लागला तरी सतराचे सत्तर व्हायचे. म्हणून दोन्हीकडे एकेक संगणक बसवला आणि मधे, खास घेतलेल्या वेगळ्या लाइनवर, मोडेम. मोडेम म्हणजे संगणकाची अक्षरं फोनच्या तारेतून जातील अशा आवाजात बदलणारी पेटी. ती सुरू होताना चिरकायची, मग गप्प व्हायची. गप्प झाली की लागली.

निरोप पाठवायचे तीन प्रोग्राम आले होते. प्रत्येक दहा दिवस चालवून पाहायचा आणि एक निवडायचा. इकडून मी, तिकडून कुसुम.

कुसुम वाडीला टायपिस्ट होती, टेम्पररी. तिथेच एका खोलीत आई आणि चार वर्षांच्या मुलाबरोबर राहायची. तिची ऑर्डर महिनाअखेर संपत होती. चाचणी पास झाली तर वाडीला ऑपरेटरची कायम जागा मंजूर होणार होती आणि ती तिला मिळणार होती. नाही तर नाही.

पहिल्या प्रोग्राममध्ये ती टाइप करत असताना एकेक अक्षर माझ्या पडद्यावर उमटायचं. खोडलं तर खोडलेलंही दिसायचं. आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायचो. पहिल्या दिवशी पोत्यांचे आकडे आले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी हिरव्या अक्षरांत आलं, "जेवली का वं?"

मी आधी मागे पाहिलं. मागे ढोकेकाका बसले होते.

ढोकेकाका आवक-जावक विभागाचे. ऑफिसात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला ते नंबर द्यायचे, विषय लिहायचे, वेळ टाकायचे. संगणकावर निरोप येणार हे कळल्यावर ते रजिस्टर घेऊन, चपला दाराबाहेर काढून आत आले आणि माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. ऑफिसात तेवढ्या एका खोलीला एसी होता. काका त्यासाठीच येतात असं सगळे म्हणायचे.

"काका, हा कागद नाही ना," मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

"मॅडम, नंबर नसलेला कागद आपल्या ऑफिसात आलेलाच नसते. अन् हा तर कागदबी नाही. मंग याले तर नंबर पायजेच."

त्या दिवशीही त्यांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं : "१-१०. वाडी गोदामाकडून. विषय : भोजन झाले किंवा कसे." मी उत्तर दिलं. त्यांनी लिहिलं : "१-१२. वाडी गोदामास. विषय : भोजन झाले. वांग्याची भाजी."

असलं लिहू नका, अशी मी विनंती केली. लाइन ऑफिसची आहे, त्यातलं ऑफिसचं कोणतं अन् घरचं कोणतं हे ठरवायचा आपल्याला अधिकार नाही, असं ते म्हणाले. मग आम्हीही थांबलो नाही. मुलाला ताप आला. मी लायब्ररीतून आणलेली कादंबरी संपली. ट्रकवाल्यानं भोंगा वाजवून वाजवून डोकं उठवलं. सगळ्याला नंबर पडत गेले. दुसरा प्रोग्राम फक्त पुरं लिहिलेलं पत्र पाठवायचा. आम्हाला तो आवडला नाही. तिसऱ्यात दोन्ही सोयी होत्या. आम्ही तो निवडला.

आणि शुक्रवारी पुरावा गेला. साहेब पुराव्याशिवाय सही करत नसत.

वेळांसकट सगळं आता एकाच ठिकाणी होतं, ढोकेकाकांच्या रजिस्टरात. पण ते दाखवायचं म्हणजे वांग्याची भाजीही दाखवायची. ऑफिसच्या लाइनवर गप्पा मारणाऱ्या टेम्पररी बाईला कोण कायम करणार? ठरवायचं कुसुमनं होतं. संगणकावर विचारलं असतं तर काकांनी नोंद केली असती. म्हणून फोन केला. चौथ्या वेळी लागला.

ती म्हणाली, "दाखव. जेवणाचंच इचारलं न वं आपण. गोदामाची चावी तं नाही इकली."

सोमवारी साहेबांनी रजिस्टर उघडलं. पानं सावकाश उलटली. मी उभी होते, ढोकेकाकाही उभे होते. एका ओळीवर साहेबांचं बोट थांबलं.

"विषय : मुलाचा ताप उतरला. हे काय आहे?"

मी सांगितलं.

"सकाळी विचारलं कोणी?"

"मी. दहा पस्तीसला."

"उत्तर दहा अडतीसला. हे घड्याळ बरोबर आहे का, ढोके?"

"रोज रेडिओच्या बातम्यांले लावतो, साहेब."

साहेबांनी आणखी एक पान उलटलं. "तीन मिनिटांत माझा वाडीला फोन कधी लागला नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "निरोप पोचेल याची खात्री नसती, तर यावर कोणी तापाचं विचारलं नसतं."

त्यांनी सही केली. खाली शेरा लिहिला, खाजगी मजकूर टाळावा. ढोकेकाकांनी त्या शेऱ्यालाही नंबर दिला.

दोन महिन्यांनी वाडीची जागा मंजूर झाली, तोवर कुसुमची ऑर्डर वाढवून मिळाली. कुसुम तिथूनच रिटायर झाली. साहेबांचा शेरा तिनं पाळला. फक्त रोजच्या पोत्यांच्या आकड्यांखाली ती एक ओळ लिहायची, "इकडे ठीक." त्यावर कोणी हरकत घेतली नाही. मीही उत्तरात तेवढंच लिहायची.

पुढे कितीतरी नवी यंत्रं आली, नवे प्रोग्राम आले. चाचणीसाठी माझ्याकडे आले की मी आकडे नंतर पाहायची. आधी लोक त्यावर एकमेकांना जेवणाचं विचारतात का, ते पाहायची. विचारत असले तर ते टिकायचं. आणि प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत करायची.

कुसुम मागच्या पौषात गेली. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी जेवत होते.

एक गोष्ट रजिस्टरात नाही. पहिल्या आठवड्यात एकदा तिनं लिहिलं होतं, "नोकरी राहीन का वं माही?" काका तेव्हा पाणी प्यायला उठले होते. ते परत यायच्या आत तिनं एकेक अक्षर मागून खोडत नेलं आणि त्या जागी पोत्यांचा आकडा लिहिला. मीही काही विचारलं नाही.

तो प्रोग्राम आता कुठल्या संगणकावर चालत नाही. गोदाम पाडलं. ढोकेकाकांनी रिटायर होताना मला रजिस्टरातल्या चार पानांची झेरॉक्स दिली होती. ती माझ्याकडे आहे.