मंगलने न हलवलेली रेषा

मंगल गेल्याचं तिच्या भावाच्या फोनवरून कळलं. "ताई, मंगल गेली. कावीळ अंगावर काढली तिनं," एवढंच तो बोलला. गंगाखेडच्या कॉलेजात मी प्रॅक्टिकल घेत होते. पोरींना पुढचं रीडिंग घ्यायला सांगितलं. आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

परभणीला बीएस्सीला आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत होतो. पुढे मी शिकवायला लागले, ती कणभौतिकीत संशोधन करायला पुण्याला गेली. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गावी, बोरीला आली, ती सहा वर्षं तिथंच राहिली. आई नव्हती, भाऊ-भावजय दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. वडिलांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, की खाटेशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा. फाइल पाठवायला तेवढी गच्चीवर जायची, रेंज तिथंच यायची.

तिचं काम असं, की कणांच्या टकरींच्या लाखो नोंदींत हव्या त्या मोजक्या दडलेल्या, बाकी सगळा गाळ. ऊर्जा किती, कोन किती, याच्या सीमा ठरवून तो काढायचा. सीमा सैल ठेवली तर गाळ आत येतो, आवळली तर हवं तेही जातं. एकदा माझ्यासमोरच वडिलांनी जड जिभेने विचारलं, "काय करायलीस गं?"

"चाळायलेय, बाबा."

"भोकं लय मोठी नको करू. बारीक दाणा बी जातो."

ती हसली. "तेवढंच ठरवायला दोन वर्षं गेली बघा."

या सीमा संगणकाने रचलेल्या नोंदींवर ठरवायच्या. खऱ्या नोंदी तोवर झाकलेल्या. शेवटी त्या उघडल्या तेव्हा सीमेच्या आत काहीच मिळालं नाही. पण जराशा बाहेर चार नोंदी होत्या, तिला हव्या तशाच. त्या आत घेतल्या असत्या तर शोधाची चाहूल लागली असं म्हणता आलं असतं, आणि मग परदेशातली संशोधनाची जागाही मिळाली असती. तिचे पुण्याचे सर फोनवर म्हणाले, सीमेची रेषा थोडी सरकवून बघ. मीही बोरीला जाऊन तेच सांगितलं.

"बघितल्यावर रेषा हलवायची नसती," ती म्हणाली. "मग काहीही सापडतं."

"अगं, इथून सुटशील तू."

"म्हणून तर माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

मला राग आला. "मग कूज इथंच," म्हणाले आणि निघून आले. तेच आमचं शेवटचं बोलणं. प्रबंधात तिने 'काही आढळलं नाही' असं लिहिलं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

गेल्या आठवड्यात बोरीला गेले. वडिलांची खाट अजून तिच्या टेबलाकडेच तोंड करून आहे. भावजय म्हणाली, वारं लागावं म्हणून दाराकडे फिरवायला गेलं तर फिरवू देत नाहीत. मी जवळ बसले. ते अडखळत बोलले, "ती म्हणायची, बाबा, जाऊ का पुण्याला? मी म्हणायचो, जा की… अन् हात धरून ठेवायचो."

पाचच्या एसटीची वेळ झाली. "येते, काका," म्हणून मी उठायला लागले.

"जा की," ते म्हणाले. त्यांच्या चांगल्या हाताने माझं मनगट धरलेलं होतं.