घोड्यावरची जागा

माझ्या बैठकीत एक फोटो आहे. मी घोड्यावर, मागे मेंढरांची धूळ. येणारा प्रत्येकजण म्हणतो, "काय ऐटीत बसलायस!" कडेला डोक्यावर पाटी घेतलेली बाई कुणालाच दिसत नाही.

ती भामाबाई. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेल्या धनगरांबरोबर मी चार दिवस सुट्टी म्हणून गेलो होतो. हौस एकच, घोड्यावर बसून मेंढरं हाकायची. धनगर आपल्या घोड्यावर बसत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या घोड्यावर संसार असतो, आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्यांत वाटेत जन्मलेली कोकरं. माझ्यासाठी भामाबाईनं सगळं मुकाट्यानं उतरवलं. भांडी डोक्यावर घेतली, त्याच पहाटे जन्मलेलं एक कोकरू काखेत. दुसरं आदल्या दिवशी जन्मलेलं. ते आईमागे चालू लागलं.

घाटाच्या तोंडाशी ते बसलं, ते उठलंच नाही. मी उतरलो तेव्हा ते गार पडलं होतं.

"मला सांगायचं नाही का?" मी तिच्यावरच ओरडलो. आपल्या चुकीचा राग आपण असाच दुसऱ्यावर काढतो.

"पावन्याला उतरा कसं म्हनावं, दादा?"

हौसेला वजन नसतं असं आपल्याला वाटतं, कारण ते उचलणारं डोकं आपलं नसतं.

घाट मी पायी उतरलो. संसार पुन्हा घोड्यावर चढला. एका जाळीत कोकरू होतं. दुसऱ्या, रिकाम्या जाळीला नाक लावत ती मेंढी घाटभर चालली.