आत जायची पाळी

अंधेरीच्या विमानतळावर सामान चढवता-उतरवता सहदेव परबची बावीस वर्षं गेली. जोडीला कायम बाळा. दोघेही मालवणकडचे, दोघांचे बाप एकाच गिरणीतले. विमानाच्या पोटात धड उभंही राहता येत नाही. एकाने आत गुडघ्यांवर बसून बॅगा रचायच्या, दुसऱ्याने दारातून त्या आत ढकलायच्या. दर विमानाला पाळी बदलायची, आणि कुणी प्रवासी चढलाच नाही तर त्याची बॅग शोधून दूर नेऊन ठेवायची ती आत असेल त्याने. हा वाटा त्यांनीच ठरवलेला, आणि त्यावरून दोघांत कधी शब्द झाला नव्हता.

मार्चमधल्या त्या सकाळी पाळी सहदेवची होती. पण त्याची कंबर धरली होती, वाकवत नव्हतं. बाळा त्याला म्हातारा म्हणून चिडवत स्वतःच आत शिरला. सामान भरून झालं आणि निरोप आला, एक प्रवासी आलेलाच नाही, त्याची बॅग उतरवा. बाळाने सगळा ढीग उपसून ती काळी बॅग हुडकली, ट्रॉलीवर टाकली आणि एकट्याने लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात नेली. तिथे तिच्यातला बॉम्ब फुटला आणि बाळा जागीच गेला.

विमानाला ओरखडाही आला नाही. आतली एकशे बहात्तर माणसं दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी पोचली. बॅग ठेवणारा आठवड्याभरात सापडला. बाळासाठी समारंभ झाला, आणि त्याचा जोडीदार म्हणून सहदेवच्याही अंगावर शाल घातली गेली. घरी येताच त्याने ती कपाटाच्या तळाशी कोंबली. त्या दिवशी तो जेवला नाही.

स्मशानातून परतल्यावर तो बाळाच्या नाहूरच्या घरी फिरकला नव्हता. दर रविवारी जिथे हक्काने माशांचं जेवण जेवला, तिथे बाळाच्या बायकोसमोर, विमलावहिनीसमोर कोणत्या तोंडाने बसायचं? खरं सांगितलं तर ते घर कायमचं तुटणार, आणि लपवलं तर जन्मभर स्वतःलाच खात राहायचं. दोन महिने असेच कुढण्यात गेले. शेवटी एका रविवारी शाल पिशवीत घालून तो गेलाच.

विमलाने पाणी आणून दिलं. त्याने ते तोंडालाही लावलं नाही.

"वयनी, त्या दिवशी आत जावची पाळी माझी होती," पिशवीतली शाल तिच्यापुढे ठेवत तो खाली बघूनच म्हणाला.

तिने सांगितलं, की कामावर पोचल्यावर बाळाने तिला फोन केला होता. सहदेवची कंबर धरली आहे, आज त्याच्या पाळीलाही मीच आत जातो, संध्याकाळी त्याला घरी घेऊन येतो, तेल कढवून ठेव म्हणाला होता. तिने ते कढवूनही ठेवलं होतं.

"माका पयल्यापासून ठावक हा, भावजी. तुम्ही येतलात म्हणान मी वाट बघी होतंय."

विमलाने सहदेवच्या हातातला पेला काढून घेतला, पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "कंबर कशी हा आता?"

बाळा गेल्यापासून सहदेव तेव्हा पहिल्यांदा रडला.