न पाहिलेली किल्ली

कपाटाला कुलूप लावलं याचा राग किल्लीवाल्याला आलाच होता, पण असलं कुलूप लावलं याचा राग त्याहून मोठा होता. डबडंच ते! केसांच्या पिनेनंसुद्धा उघडलं असतं. वीस वर्षं कुलपांत हयात घालवलेल्या माणसाला अडवायला ताईने रस्त्यावरून हा माल उचलून आणावा? थोरल्या बहिणीने त्याची एवढीच किंमत केली होती.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्याला अकरा दिवस झाले होते, गोळीविना एकोणचाळीस. आणि कपाटात गोळ्याच होत्या, आईच्या. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि तिला दुखण्यावर नेमक्या त्याच गोळ्या दिल्या होत्या ज्यांनी त्याचं वाटोळं केलं होतं.

तीन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला, खांदा मोडला. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. खांदा भरून आला तरी डॉक्टर लिहीतच राहिला, मान वर करून बघायचीही तसदी न घेता. पुढे तो थांबला, तर औषधवाला चिठ्ठीशिवाय द्यायला लागला. ते दोघे आजही मानाने आपापल्या खुर्चीत बसले आहेत, आणि उपदेश ऐकायचा तो याने! समोरच्या काकू तर तो जिन्यात दिसला की पर्स पोटाशी धरत. याच काकूंचं दार वाऱ्याने लागलं होतं आणि आत गॅसवर दूध होतं, तेव्हा मिनिटभरात ते कुणी उघडून दिलं? पण ते काकूंच्या डोक्यातून साफ उडालं होतं.

किल्ली एकदा नजरेखालून गेली की तिचे दाते त्याच्या डोक्यात पक्के बसत. नमुना समोर नसला तरी कानशीने घासून तो तश्शी किल्ली हातात ठेवी, आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घाली. ताई आईला गोळी काढून देई तेव्हा ती डबड्याची किल्ली रोज त्याच्या नाकासमोर हलायची. एक खोल दाता, दोन उथळ. जेवताना, आंघोळ करताना, त्याला तेच दिसत होतं.

त्या दिवशी ताई कामावर जाताना आईची दुपारची गोळी बाहेर काढून ठेवायला विसरली. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. चारपर्यंत फोन गेटवर जमा. एकच्या सुमाराला आई कळवळायला लागली.

"अरे, उघड ना ते. तुला काय अवघड आहे?"

"ताई येऊ दे, आई."

"ती येईपर्यंत माझा जीव जाईल! आईपेक्षा कुलूप मोठं झालं का तुला?"

त्याने गेटवर फोन केला. "निरोप देतो," म्हणून तिथल्या माणसाने तो ठेवूनही दिला. आई आता नुसतीच कण्हत होती. किल्लीवाल्याचा हात हत्यारांच्या पेटीत गेला. तळाशी, कानशींच्या खाली, किल्ली होती. घरी आल्यावर चौथ्याच दिवशी त्याने ती घासली होती. नुसतीच करून बघितली, लावायची थोडीच आहे, असं तो स्वतःला सांगत आला होता.

किल्ली हातात आली आणि त्याच्या लक्षात आलं, हात थरथरत नाहीयेत. चहाचा कप धरताना महिनाभर लटपटणारे हात आता एकदम स्थिर होते. त्या हातांची त्याला भयंकर चीड आली. ते आईसाठी निघालेच नव्हते.

त्याने जाऊन समोरचं दार वाजवलं. जवळ पर्स नव्हती, म्हणून काकूंनी दारच घट्ट धरलं.

"काकू, आईला गोळी द्यायचीय. कुलूप मी उघडतो. बाटली तुम्ही काढायची. मी मागितली तरी माझ्या हातात द्यायची नाही."

"अरे, पण मी कशाला उगाच..."

"तुमचं दूध जळत होतं तेव्हा मी म्हटलं का, मी कशाला उगाच?" त्याचा आवाज चढला. "चला!"

काकू आल्या. त्याने कुलूप काढलं आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा, पंचेचाळिसाव्या वर्षी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे बाटलीत गोळ्या खुळखुळल्या. त्या आवाजाने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"एकच ना रे?" काकूंनी विचारलं.

"चिठ्ठी वाचा! मला विचारू नका."

त्यांनी वाचलं, आईला गोळी दिली. बाटली स्वतःकडेच ठेवा, असं त्याने भिंतीकडे बघतच सांगितलं. काकूंनी ती पोटाशी धरली, पर्स धरत तशीच. आज त्याला त्याचा राग आला नाही. काकूंना आईजवळ बसवून तो बाहेर पडला.

तो गेला कोपऱ्यावरच्या दुसऱ्या किल्लीवाल्याकडे. दोघांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. "चांगल्यातलं एक कुलूप दे," तो म्हणाला, "आणि खोका माझ्यासमोर उघडू नकोस."

निरोप मिळाल्यावर ताई धावतपळत आली. कपाट सताड उघडं दिसलं, तशी एक शब्द न विचारता तिने त्याचे खिसे उलटे केले. गोळी नव्हती. किल्ली निघाली.

"बाटली काकूंकडे आहे," तो म्हणाला. "विचार त्यांना."

"ही कधी केलीस?"

"चौथ्या दिवशी."

ताई ती किल्ली हातात घेऊन खाली बसली. त्याने खोका तिच्या मांडीवर आदळला.

"रोज माझ्या डोळ्यांपुढे नाचवत होतीस ती! मी पाहिली की विसरत नाही, माहीत नव्हतं तुला? हे लाव आता. मी बाहेर जातो, मगच उघड. आणि पुन्हा कधी मला किल्ली दिसली ना, ताई, तर बघ!"

तो जिन्यात जाऊन उभा राहिला. आत खोका फाटला, मग कुलूप लागलं. आवाज ठणठणीत होता. पाच लिव्हरचं असणार. उघडायला त्यालाही तासभर लागला असता, आणि तेवढ्यात कुणीतरी घरी आलं असतं.