दवाखान्याच्या दिवशीची गोळी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ मात्र जुनाच होता. एसटीत माझ्या शेजारी बसलेली म्हातारी सारखी चुळबुळत होती. सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबायची, पडलेला खळगा बघायची, धापा टाकायची, पुन्हा दाबायची.

“गावात घोटभर पाणी न्हाई, अन् माझ्या पायात बघा किती!”

“औषध घेत नाही का, आजी?”

“काळजासाठी पाणी उतरवायची गोळी हाय की. पण ती घेतली की सारखं जावं लागतंय. गाडी थांबतीय का? म्हणून दवाखान्याला निघायचं म्हणलं की आदल्या दिवशीच बंद करते. डॉक्टर पाय बघतेत अन् गोळी वाढवतेत.”

आता मलाच बसवेना. “बंद केली होती, हे त्यांना सांगता ना?”



“त्यांनी कुठं इचारलं?” ती म्हणाली, आणि अंगठा पुन्हा नडगीवर टेकवला.