वाटेवरचं गाऱ्हाणं

"ए, तू ऊठ. ही पंगत फ्लॅटवाल्यांची. तुमचं मागनं, मजुरांबरोबर."

नव्या इमारतीच्या वास्तुशांतीला बिल्डर हे माझ्या बाबांना म्हणाला. पानावर भात वाढलेला, बाबांनी वरण कालवलेलं. ते उठले. उष्टा हात तसाच धरून भिंतीशी उभे राहिले. मी तेव्हा आठवीत. अंगाची नुसती लाही लाही झाली.

त्याच इमारतीची पहिली कुदळ बाबांच्या शब्दावर पडली होती. आमच्याकडे जमीन उकरायची तर आधी तिथल्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकानं मागणं बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या कातळावरच्या वाडीत तो मान आमच्या घराचा. गाऱ्हाण्याशिवाय इथला गडी कुदळ उचलत नाही. म्हणून बाबा हवेत. पंगतीला नकोत. वा रे वा!

ती अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरी तेव्हा मिरजोळ्याच्या अंगानं सुसाट वाढत होती. मुंबईचा पैसा, आखाताचा पैसा. गुरं चरायची तिथं चार-चार मजले उठले, पाण्याचे टँकर आले, ब्यूटी पार्लर आलं. लोक आमच्या वाडीचा पत्ता सांगायला लागले, "त्या बिल्डिंगच्या मागं." आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, आणि मागचे आम्ही!

काही वर्षांनी त्याच बिल्डरनं दुसरी इमारत काढली. कंपाउंडची चुन्याची रेघ मारली ती आमच्या पायवाटेवर. त्याच वाटेनं आम्ही रस्त्याला लागायचो. आजारी माणूस खुर्चीत बसवून तिथूनच रिक्षापर्यंत न्यायचा. ती बंद झाली की भर पावसात ओढा उतरून जा. आणि वर त्याचा निरोप, गाऱ्हाण्याला या.

बाबा टोपी घालून निघालेसुद्धा! मी दारात आडवी उभी राहिले.

"तुम्ही नाय जायचं. मी घालते."

"बायमाणूस गाऱ्हाणं घालत नाय गो."

"आज घालील."

मी जागेवर पोचले तेव्हा मुहूर्त टळत होता. बिल्डर घड्याळ बघत म्हणाला, "घाल गं, कोणीतरी घाला, पण उरका." मी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यावर आज कुदळ पडतेय, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाडीची वाट होती तशी उघडी राहील. तिच्यावर भिंत घालील त्याचं काम तडीस नेऊ नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. हात जोडून बिल्डरही म्हणाला. सवयीनं. तोंडातून गेल्यावर त्याला कळलं.

"काय बोललीस गं तू?"

"व्हय तुम्हीच म्हणालात."

जेसीबीच्या ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. "सायेब, देवासमोर कबूल झालात. त्या रेघेवर मी नाय खणणार." गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या. बिल्डर लालबुंद झाला. "उद्या बाहेरची माणसं आणतो. त्यांना तुमचा देव ठाऊक नाही."

खरंच होतं ते. त्यांना ना देव ठाऊक, ना आम्ही. गाऱ्हाणं कुठवर पुरणार?

मी वाडीत घरोघर गेले. सकाळी त्याचा ट्रक आला तेव्हा रेघेवर आम्ही बाया बसलो होतो, पोरंबाळं घेऊन. बाबाही येऊन बसले, माझ्या शेजारी. बिल्डर ओरडला, "ए, उठा!"

कोणी उठलं नाही. शहर वाढतंय ना, खुशाल वाढू दे. मी इथनं हलणार नाही.